पाच पात्यांचं गवत

नोटीस बाईंच्या नावाने आली, याचं त्यांच्या धाकट्या भावाला काही आश्चर्य वाटलं नाही. वाटलं ते बाईंना. पोस्टमनच्या कागदावर सही करून त्यांनी ती दारातच वाचली, आणि आत येऊन, चष्मा पुसून, पुन्हा वाचली. सरकारी चौकशी कार्यालयाला त्यांच्याकडून एवढंच हवं होतं: नव्या रस्त्याला लागून असलेली तुमच्या मालकीची जमीन तुम्ही कुठल्या पैशातून घेतली, ते कळवा. मुदत नोटिशीच्या तारखेपासून तीस दिवस, आणि त्यातले पंधरा टपालातच गेले होते. सोबत एक नकाशा.

'तुमच्या मालकीची' या शब्दांपाशी बाई बराच वेळ घुटमळल्या. एकाहत्तर वर्षांत त्यांच्या मालकीची जमीन म्हणजे गॅलरीतल्या चार कुंड्यांमधली माती. मग हळूहळू आठवलं. सहा वर्षांपूर्वी धाकटा भाऊ त्यांना रिक्षात घालून नोंदणी कार्यालयात घेऊन गेला होता. "तुझ्या नावावर एक तुकडा असू दे, बाई. म्हातारपणी बाग कर." दाखवलं तिथे त्यांनी सह्या केल्या होत्या, येताना दोघांनी उसाचा रस प्यायला होता, आणि बाग काही कुणी केली नव्हती.

सह्या केल्या याचं बाईंना एवढं वाटलं नाही. भाऊच तो. त्यांना लागलं ते वेगळंच. अडतीस वर्षं त्यांनी शाळेत भूगोल शिकवला. कुठल्याही धड्याचा पहिला प्रश्न त्या एकच विचारायच्या: हे आहे कुठे? आणि स्वतःच्या जमिनीबद्दल हा प्रश्न त्यांनी सहा वर्षांत एकदाही विचारला नव्हता.

म्हणून धाकट्याचा फोन आला, "रविवारी सगळे येतो, तू काळजी करू नकोस, उत्तर तयार आहे," तेव्हा बाई म्हणाल्या, "ये. पण उत्तराआधी मला प्रश्न नीट समजू दे."

रविवारी दहा वाजता बाईंच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या भरल्या. थोरला भाऊ गेल्यानंतर सगळे एका टेबलाभोवती बसायची ही पहिलीच वेळ. थोरल्याची खुर्ची त्याच्या मुलाने घेतली. तो वकील होता, आणि वडिलांसारखाच बोलण्याआधी घसा साफ करायचा. त्याची नऊ वर्षांची मुलगी टेबलाखाली शिरून सगळ्यांच्या चपला मोजून आली. नाकाच्या शेंड्यावर तीळ, म्हणून तिला सगळे ठिपकी म्हणायचे. धाकट्याची बायको बिस्किटांचे दोन पुडे घेऊन आली होती आणि आल्या आल्या स्वयंपाकघरात जाऊन तिने चहाचा ताबा घेतला होता. आणि धाकटा खिडकीशी उभा होता. नगररचना कार्यालयात तो मोठ्या हुद्द्यावर होता. शहरातले नवे रस्ते आधी त्याच्या टेबलावर यायचे आणि मग जमिनीवर. निवृत्तीला आठ महिने राहिले होते.

"बाई, बस ना तू," तो म्हणाला.

सख्ख्या बहिणीला तो 'बाई' म्हणायचा, त्याला कारण होतं. सातवीत तो तिच्याच वर्गात होता. पहिल्याच दिवशी त्याने भर वर्गात "ताई, मला पुढे बसायचंय" म्हटलं आणि तिने सांगितलं होतं, "इथे ताई नाही. इथे बाई." पोरगा असा फुरंगटला की घरी येऊनही बाईच म्हणू लागला. फुरंगटणं आठवड्यात गेलं, शब्द पंचेचाळीस वर्षं राहिला. पुढे सगळं घरच त्यांना बाई म्हणू लागलं. 'तू' म्हणणं मात्र त्याने सोडलं नाही.

वकिलाने घसा साफ केला आणि एक टाइप केलेला कागद टेबलावर ठेवला. "आत्या, हे प्रतिज्ञापत्र. तुम्ही तुमच्या फंडाच्या पैशातून आणि दोन बांगड्या मोडून जमीन घेतलीत, असं त्यात आहे. सही केलीत की मी उद्या दाखल करतो."

"बांगड्या?" बाईंनी आपले मोकळे हात बघितले. "माझ्या बांगड्या होत्या, हे मला आज कळतंय. कशा होत्या रे? गोठ होते की पाटल्या?"

ठिपकी टेबलाखाली फिसकन हसली.

"तसं लिहावं लागतं, आत्या."

"कोणाला?"

वकिलाने काकाकडे बघितलं. काका खिडकीबाहेर बघत होता.

"हे बघ बाई," धाकटा वळला, "कायदा आता फार बारीक झालाय. सरकारी माणसाने काडी जरी घेतली तरी ती कुठून आणली ते सांगायचं. साधी बाब आहे, पण वेळ वाईट. आठ महिने. एक सही केलीस की विषय संपला."

"कायदा नेमका काय म्हणतो, ते मला सांगा बरं कुणीतरी. ठिपके, वर ये. तूही ऐक. तुला कळलं तर मला कळेल."

ठिपकी वर आली. वकिलाने पुन्हा घसा साफ केला. "लोकसेवकाने पदाच्या प्रभावाने, अथवा पदामुळे प्राप्त झालेल्या माहितीच्या आधारे, स्वतःच्या अथवा अन्य व्यक्तीच्या नावे..."

"मला नाही कळलं," ठिपकी म्हणाली.

"मलाही," बाई म्हणाल्या. "थांब, मी सांगून बघते, चुकलं तर तुझे बाबा दुरुस्त करतील. समज, मी मोठ्या परीक्षेचा पेपर काढते. पेपरात काय येणार ते मला आधीच माहीत. आता त्याच परीक्षेला तू बसलीस, तर?"

"तर तू मला सांगशील."

"सांगणार नाही गं."

"पण लोकांना वाटेल, सांगितलं."

"बघा, एवढीशी आहे पण मुद्दा धरला. म्हणून पेपर काढणाऱ्याकडून आधी एक कागद लिहून घेतात, की माझ्या घरातलं कुणी या परीक्षेला बसलेलं नाही. रस्त्याचा पेपर काढणाऱ्याने तसंच सांगायचं, की या रस्त्याकडेला माझ्या घरातल्या कुणाची जमीन नाही. हाच ना कायदा?"

"साधारण," वकील म्हणाला. "फक्त यात शिक्षा आहे. आणि दुसऱ्याच्या नावावर घेतली तर नाव देणाऱ्यालाही."

चहा आला. धाकट्याने कप उचलला, पण प्यायला नाही. कारण पेपरचा दाखला बाईंनी हवेतून आणला नव्हता, हे त्या खोलीत त्या दोघांनाच माहीत होतं. धाकटा दहावीला होता त्या वर्षी बाईंना पहिल्यांदा भूगोलाचा पेपर काढायला बोलावलं होतं. मानाचं काम. त्यांनी तो कागद भरायला घेतला, आणि भावाचं नाव आठवून पेन खाली ठेवलं. पुन्हा त्यांना कधी बोलावणं आलं नाही. तेव्हा धाकटा रडवेला होऊन म्हणाला होता, "एक प्रश्न सांगितला असतास तर काय आभाळ कोसळलं असतं?"

"एक विचारू का?" भावजय चहाचा ट्रे तसाच हातात धरून उभी होती. ती सहसा या बैठकांत बोलत नसे, आणि बोलली की थेट बोलत असे. "जमीन घेतलीत ती वन्संच्या नावावर. माझ्या का नाही? सहा वर्षं मला ठाऊक नाही, नोटीस आली तेव्हा कळलं. तेहतीस वर्षं संसार केला मी, आणि बाग करायची वन्संनी!"

"आता हे काढायची वेळ आहे का?" धाकटा म्हणाला.

"मग कधी काढू? रिटायर झाल्यावर?"

"अगं, तुझ्या नावावर घेऊन कसं चालेल? दरवर्षी मालमत्तेचा फॉर्म भरतो मी. त्यात तुझा रकाना आहे. मुलांचा आहे. आई-वडील असते तर त्यांचाही. तिथे सगळं दाखवावं लागतं."

"आणि वन्संचा?"

धाकट्याने कप खाली ठेवला. उचलली जीभ लावली टाळ्याला, हे त्याला बोलल्यावर कळलं.

"बहिणीचा रकाना नाही," वकील हळूच म्हणाला.

भावजयीने ट्रे खाली ठेवला. आली तेव्हा तिच्या मनात वन्संबद्दल सहा वर्षांचं व्याजासकट दुखणं साठलं होतं. ते आता कुठे ठेवावं हेच तिला कळेना. ती बाईंकडे बघत म्हणाली, "म्हणजे तुमच्यावर जास्त माया म्हणून नव्हे."

"नव्हे," बाई म्हणाल्या.

त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, पण बिस्किट बुडवायला नेलेला हात त्यांनी मागे घेतला. बागेची गोष्ट त्यांनी खरी मानली होती. या सहा वर्षांत दोन-तीनदा तर लिंबाचं झाड कुठल्या कोपऱ्यात लावावं याचाही विचार केला होता, कोपरे कुठे आहेत हे माहीत नसताना.

"बाई, तसं नाहीये..." धाकटा म्हणाला.

"ते नंतर. नकाशा दे आधी. मला माझी जमीन बघायचीय."

भावजय बाईंशेजारची खुर्ची ओढून बसली. मघापर्यंत ती नवऱ्याच्या बाजूला होती.

नोटिशीसोबतचा नकाशा टेबलावर पसरला. कार्यालयातल्या मूळ आराखड्याची ती प्रत होती. छापील नकाशावर नंतर हाताने, शाईने केलेल्या दुरुस्त्याही त्यात उतरल्या होत्या. बाईंच्या जमिनीला लाल चौकोन केला होता. कोपरे चार, लिंबाला जागा भरपूर. चौकोनाच्या एका बाजूला लागून रस्ता गेला होता, पुलापासून निघून नदीपलीकडच्या इस्पितळापर्यंत.

"ठिपके, कपाटातून दोरा आण. शिवणाचा नको, जाड आण. आणि रस्ता कसा मोजायचा?"

"पट्टीने नाही मोजायचा, कारण तो वाकडा असतो. दोरा त्याच्यावरून वळवत न्यायचा आणि मग दोरा सरळ करून मोजायचा."

"शाबास."

ठिपकीने जीभ बाहेर काढून, पुलावर बोट दाबून, दोरा रस्त्यावरून नेला. मध्यावर रस्ता एकदम उजवीकडे वळत होता, लाल चौकोनाला जाऊन भेटत होता आणि मोठा वळसा घेऊन परत मूळ दिशेला लागत होता. दोरा सरळ करून तिने पट्टीवर ठेवला. मग स्वतःच्याच मनाने पुलापासून इस्पितळापर्यंत सरळ दुसरा दोरा ताणला आणि दोन्ही शेजारी ठेवले.

"आजी, वळणाचा दोरा चार बोटं मोठा आहे."

"प्रमाण बघ आणि सांग चार बोटं म्हणजे किती."

ठिपकीने ओठ हलवत हिशोब केला. "सव्वा किलोमीटर. जवळजवळ."

"मग आता प्रश्न कुठला?"

"रस्ता वळला का?" ठिपकी घडाघडा म्हणाली. हे तिला पाठ होतं. दर सुट्टीत ती इथेच असायची. "रस्ता उगीच वळत नाही. टेकडी असते, नाहीतर नदी असते, नाहीतर दलदल असते. नाहीतर माणूस असतो."

"शोध."

आता सगळेच नकाशावर वाकले होते. वकिलाने चष्मा डोक्यावरून नाकावर घेतला. त्याला मघापासून फक्त सही हवी होती. आता मात्र त्यालाही राहवेना. भावजय बोटाने रेषा धरत होती. फक्त धाकटा खिडकीपासून हलला नव्हता.

"टेकडी नाही," ठिपकी म्हणाली. "टेकडी असती तर रेषा जवळ जवळ आल्या असत्या. नदी पुलाखालीच राहिली. आणि ही... दलदल! बघ आजी, इथे आडव्या रेषा आणि वर गवत. सरळ रस्त्याच्या बरोबर मधे. म्हणून वळला."

"तेच सांगतोय," धाकटा एकदम म्हणाला. "दलदल आहे तिथे. दलदलीतून रस्ता नेला तर पहिल्या पावसात खचेल. तांत्रिक कारण आहे, बाई. बाकी जमीन तिथे असणं हा निव्वळ योगायोग."

वकिलाने सुस्कारा सोडला. "हे मला आधी सांगायचं ना, काका. मग बचाव सोपा आहे."

बाई उठल्या. आतल्या खोलीतल्या भिंतीवरून त्यांनी जुना नकाशा उतरवला. कडांना कापडाची पट्टी लावलेला, शाळा सोडताना मुख्याध्यापकांकडून मागून आणलेला. तो त्यांनी नव्या नकाशाशेजारी ठेवला. जुन्या नकाशात पूल होता, इस्पितळाच्या जागी तेव्हा जकातीचा नाका होता, आणि मधे होता नुसता माळ. खडकाची खूण होती. गवताची नव्हती.

"पन्नास वर्षांत दलदल होऊ शकते," धाकटा म्हणाला.

"होऊ शकते. पाणी कुठून येईल?"

त्याने खिडकीचं एक दार उगाच ओढून घेतलं.

"ठिपके, तुला एक गंमत सांगते. सातवीच्या वर्गाची सहल मी याच माळावर नेली होती. खडकांचे प्रकार दाखवायला. एक मुलगा सारखा उड्या मारत होता. सांगून ऐकेना. घसरला आणि तोंडावर आपटला, आणि पुढचा दात अर्धा मोडला. छोट्या आजोबांना विचार, कुठे पडलास?"

सगळ्यांनी धाकट्याकडे बघितलं. तो अर्धा दात घरातल्या सगळ्यांनी जन्मभर पाहिलेला होता. लग्नाच्या फोटोतही तो होता.

"चिखलात पडून कुणाचा दात मोडत नाही रे," बाई म्हणाल्या.

भावजयीला हसू फुटलं आणि तिने ते पदराआड दाबलं. हसू ओसरलं तेव्हा तिचे डोळे नवऱ्यावर स्थिर झाले होते.

"कार्यालयात बरेच हात असतात, बाई," धाकटा सावकाश म्हणाला. "सर्वेक्षण करणारे वेगळे. दुरुस्ती करणारे वेगळे. कुणीतरी चुकीची खूण केली असेल. मी काय प्रत्येक खूण..."

"आजी," टेबलाच्या खणातलं बाईंचं भिंग काढून ठिपकी त्यातून बघत म्हणाली, "हे तर तुझं गवत आहे."

"म्हणजे?"

"पाच पात्यांचं! पुस्तकात तीनच असतात. तू म्हणतेस, तीन पाती काढली की चिमणीचा पाय दिसतो, म्हणून पाच काढायची आणि मधलं सगळ्यात उंच. बघ ना. एक, दोन, तीन, चार, पाच. मधलं उंच."

बाईंनी भिंग हातात घेतलं.

खरोखर पाच होती. तीन झुपके, प्रत्येकाला पाच पाती, मधलं पातं उंच आणि टोकाशी किंचित उजवीकडे झुकलेलं. छापील खुणांमध्ये शाईची ती खूण जुन्या ओळखीच्या माणसासारखी ओळखू येत होती. अशी पाती या शहरात दुसरीकडे कुठे कुणी काढत नव्हतं. ती बाईंनी स्वतःच ठरवली होती. परीक्षक मार्क कापत नाहीत ना, एवढं विचारून घेतलं होतं आणि वर्षानुवर्षं फळ्यावर काढली होती. त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुलांखेरीज ती कुणाला माहीत असणं शक्य नव्हतं. आणि त्या मुलांपैकी नगररचना कार्यालयात एकच जण पोचला होता. चौकशी कार्यालयातल्या कुठल्याही साहेबाने हा नकाशा शंभरदा पाहिला असता तरी त्याला तिथे गवतच दिसलं असतं.

बाईंना आधी, अगदी क्षणभर, बरं वाटलं. किती नीट काढलंय पोराने. आणि त्या बरं वाटण्याचीच मग त्यांना इतकी लाज वाटली की त्यांनी भिंग उलटं ठेवलं.

"दुरुस्तीची तारीख काय आहे?" त्यांनी विचारलं.

वकिलाने कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचली. नोटीस उघडून खरेदीची तारीख बघितली. "खरेदी आधी. दुरुस्ती त्यानंतर दोन महिन्यांनी." तो मागे टेकला. टाइप केलेलं प्रतिज्ञापत्र त्याने उचललं, दुमडलं आणि आपल्या बॅगेत टाकलं. "काका, हे मला आता दाखल करता येणार नाही. नकाशाचं मघापर्यंत मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे."

"तूही?" धाकटा म्हणाला. "तुझ्या बापाच्या ऑपरेशनला पैसे कुणी दिले होते? या घरातलं अडलंनडलं कुणी बघितलं? तेव्हा कुणी विचारलं नाही, कुठून आणलेस!"

"नाही विचारलं," वकील म्हणाला. त्याचा आवाज खाली आला. "विचारायला हवं होतं. मीही सोयीनं विसरलो."

"सगळे एक झालात. मी एकटा चोर."

"एकटा कसा?" बाई म्हणाल्या. "सही माझी आहे. जागा कुठे आहे हे न विचारता केलेली. भूगोलाच्या बाईंनी!"

धाकटा धप्पकन खुर्चीवर बसला. बराच वेळ तो दोन दोऱ्यांकडे बघत राहिला.

"आठ महिने, बाई. तू फक्त सही केलीस तर कुणालाही काही कळणार नाही. गवत ओळखणारं जगात दुसरं कुणी नाही."

"तेच तर," बाई म्हणाल्या. "दुसरं कुणी असतं तर मी त्यांच्यावर सोपवून गप्प बसले असते. आता ते माझ्यावरच आलं ना."

"आणि माझी पेन्शन? हिचं काय? तुझं आजारपण उद्या कोण बघणार?"

"माझं नाव घालू नका मधे," भावजय म्हणाली. "सहा वर्षं मी नव्हतेच ना तुमच्या त्या बागेत. मग आत्ता कशाला ओढता?" आणि जरा थांबून, हळू आवाजात, "दोन खोल्यांत राहू. राहतातच की वन्सं."

ठिपकी सगळ्यांची तोंडं आळीपाळीने बघत होती. भांडण आहे हे तिला कळत होतं, पण तिच्या डोक्यातून प्रश्न जात नव्हता. "छोटे आजोबा, त्या इस्पितळात जाणारे सगळे रोज सव्वा किलोमीटर जास्त जातात?"

"हो."

"अँब्युलन्स पण?"

धाकट्याने तोंड उघडलं. तिला तो आजवर नेहमी काहीतरी मजेशीर उत्तर द्यायचा. या वेळी तो फक्त "हो," म्हणाला.

बाईंनी टेबलाच्या खणातून दोन कोरे ताव काढले. शाळेतले, डाव्या बाजूला समास आखलेले. एक स्वतःपुढे ठेवला, एक त्याच्यापुढे.

"वकील, आपण होऊन सांगितलं तर कायदा काय करतो?"

"जमीन जाईल. नोकरीचं मी सांगू शकत नाही, आणि शिक्षा होणारच नाही असंही नाही. पण मुदतीत, कुणी पकडायच्या आधी, स्वतः येऊन सांगणाऱ्याकडे वेगळ्या नजरेने बघतात. आणि रस्ता..." तो नकाशाकडे बघून म्हणाला, "वळणाचं पक्कं काम अजून सुरू झालेलं नाही. सध्या लोक जातात तो कच्चाच आहे. सरळ होऊ शकतो."

"ऐकलंस? मी माझ्या नावापुरतं लिहिते. गवताचं तू लिही. मुदतीचे अजून अकरा दिवस आहेत. अकराव्या दिवशी गवताचंही मी लिहीन, कारण मला ते वाचता येतं. पण तू लिहावंस असं मला वाटतं."

"आणि मी नाही लिहिलं तर बोलणं टाकशील?"

"वेडा आहेस का? तुरुंगात गेलास तरी भेटायला येईन. डबा घेऊन. पण खोटं लिहिणार नाही."

मग बाईंनी चष्मा सारखा केला आणि लिहायला लागल्या. लिहिताना त्यांनी डोकं वर केलं नाही. परीक्षेत मुलगा अडला असेल तर त्याच्या डोक्यावर उभं राहू नये, हा त्यांचा जुना नियम होता. भावजय कप उचलून आत गेली आणि नळ जरा मोठाच सोडून विसळत राहिली. वकील गॅलरीत जाऊन कुंड्या बघू लागला. ठिपकीला कुणी जा म्हटलं नाही, म्हणून ती बसली, आणि वळणाच्या दोऱ्याची लांब राहिलेली चार बोटं नखाभोवती गुंडाळत, सोडवत राहिली.

बाईंचं अर्ध्या पानात झालं. ही जमीन मी घेतलेली नाही. पैसे माझे नव्हते. माझ्याकडे बांगड्या नव्हत्या. जागा कुठे आहे हे न विचारता मी सही केली, ही चूक माझी. खाली जागा सोडून त्या थांबल्या.

समोरून पेन उघडल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही. मग कागदावर सरकणाऱ्या निबेचा, सावकाश.

"बाई," धाकटा म्हणाला. आवाज सातवीतल्या मुलाचा नव्हता, सत्तावन्न वर्षांच्या थकलेल्या माणसाचा होता. "हे बघ. एवढं पुरे का?"

त्याने ताव त्यांच्याकडे वळवला. समास सोडून, सुवाच्य अक्षरात दोनच ओळी होत्या. 'जमीन माझी आहे, बहिणीची नाही. नकाशातली दलदल मी काढली. तिथे खडक आहे.'

बाईंचा हात सवयीने लाल पेनाकडे गेला आणि तिथूनच परत आला.

"पुरे नाही," त्या म्हणाल्या. "पण सुरुवात बरोबर आहे. तारखा घाल. कुणाकुणाला सांगितलं होतंस ते घाल. दुपारपर्यंत वेळ आहे, जेवूनच जा."

त्याने मान हलवली आणि कागद परत ओढला. ठिपकीने नखावरचा दोरा सोडून तो सरळ केला, नव्या नकाशावर पुलापासून इस्पितळापर्यंत ताणून धरला, आणि उरलेला टेबलाच्या कडेवरून खाली लोंबू दिला.

बाईंनी स्वतःचा ताव पुन्हा हातात घेतला. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचला. जमिनीचा क्रमांक, रस्ता, चारी दिशा, सगळं नकाशाशी ताडून पाहिलं. मग परत एकदा वाचला.

आणि मग सही केली.